आधी नियम, मग कुत्रा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : स्वमग्न मुलांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांबाबत (सर्व्हिस डॉग) राज्याने नियम करण्याविषयी

महोदय,


आधीच सांगून टाकते, या पत्रात अनुदान मागितलेलं नाही. कुत्राही मागितलेला नाही. मागणी एवढीच आहे की कोणता कुत्रा 'सर्व्हिस डॉग' समजायचा, ते कुणी तपासायचं आणि तपासून झाल्यावर त्याला कुठे कुठे जाऊ द्यायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं शासनाने लेखी द्यावीत. पत्र तुम्हालाच का, तर महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला आहे, आणि ही जबाबदारी दुसऱ्या कुठल्या टेबलावर ढकलता येणार नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. थोडंफार बोलतो, पण घाबरला की तेवढंही बोलणं जातं. मिक्सर, कुकरची शिट्टी, गणपतीतले ढोल, लिफ्टचं दार बंद होतानाचा टणत्कार, हे सगळं त्याच्या कानांवर आपल्यापेक्षा कितीतरी जोरात आदळतं. मग तो मनगट चावतो, नाहीतर पळत सुटतो. ते पळणं खेळातलं नसतं. मागे वळून बघणं नाही, हाकेला ओ नाही, समोर रस्ता आहे की तळं याचं भान नाही. असं मूल घरात असलेल्या प्रत्येक आईबापाला हे पळणं माहीत असतं. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी असते ती त्यामुळेच. अमेरिकेत १,२१८ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांची पाहणी झाली होती आणि ती २०१२ साली 'पीडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातली ४९ टक्के मुलं चार वर्षांची झाल्यावर एकदा तरी अशी निघून गेली होती किंवा जाण्याच्या प्रयत्नात होती. एकूण मुलांपैकी चौथा हिस्सा मुलं तर काळजाचा ठोका चुकावा इतका वेळ सापडलीच नव्हती.

यात कुत्रा काय करणार, असं वाटेल. म्हणून तो नेमकं काय करतो ते सांगते.

मुलाच्या कमरेला रुंद पट्टा असतो. त्या पट्ट्याची दोरी कुत्र्याच्या अंगावरच्या हार्नेसला अडकवलेली असते आणि कुत्र्याची साखळी मोठ्या माणसाच्या हातात. मूल पळायला निघालं आणि दोरी ताणली गेली की कुत्रा खेचाखेच करत नाही, भुंकतही नाही. तो आहे तिथे चार पाय रोवून उभा राहतो किंवा खाली बसतो. तीस किलोचं लॅब्राडोर बसलं की आठ वर्षांचं मूल पुढे जाऊ शकत नाही. आईला मिळतात ते दोन-तीन सेकंद, आणि रस्त्याच्या कडेला तेवढे पुरतात. दुसरं काम दाबाचं. मूल आतून उसळायला लागलं की कुत्रा हुकुमावर आधी हनुवटी आणि मग छातीपर्यंतचं अंग मुलाच्या मांडीवर टाकतो आणि सांगेपर्यंत उठत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट वजनदार गोधडी किंवा घट्ट मिठी वापरून जे साधतात तेच हे, फक्त हा दाब श्वास घेतो आणि ऊबदार असतो. तिसरं काम मध्ये पडण्याचं. मूल मनगट तोंडाकडे नेऊ लागलं की कुत्रा नाकाने ते मनगट बाजूला सारतो. रात्री मूल उठून दाराकडे गेलं तर आईबापांना उठवणं, गर्दीत मुलाच्या आणि लोकांच्या मधे आडवं उभं राहणं, हरवलेल्या मुलाचा वास घेत माग काढणं, हीही कामं कुत्र्यांना शिकवतात. प्रत्येक कुत्रा सगळं शिकत नाही. त्या मुलाला जे लागतं ते शिकतो.

स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे, तो मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. पण तिच्या जोडीला टोकाची चिंता, झोपमोड, स्वतःला इजा करणं हे पुष्कळदा येतं. त्या त्रासात ठरावीक काम करणाऱ्या कुत्र्याला परदेशात 'सायकिअॅट्रिक सर्व्हिस डॉग' म्हणतात. नाव कोणतंही द्या, कसोटी एकच : कुत्रा काही ठरावीक काम शिकलेला आहे का आणि ते काम त्या मुलाच्या दिव्यांगत्वाशी जोडलेलं आहे का? घरातला लाडका कुत्रा या कसोटीला उतरत नाही. शाळेत किंवा केंद्रात तासाभरासाठी येणारा थेरपी डॉगही उतरत नाही. मुंबई-पुण्यात 'अॅनिमल एंजल्स फाउंडेशन'सारख्या संस्था प्राण्यांच्या मदतीने थेरपीचं काम बरीच वर्षं करत आहेत आणि ते मोलाचं आहे. पण तो कुत्रा अनेकांचा असतो आणि त्याच्या संस्थेसोबत परत जातो. सर्व्हिस डॉग एकाच मुलाचा असतो आणि जिथे मूल तिथे तो.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 'नॅशनल सर्व्हिस डॉग्ज' ही संस्था १९९६ पासून स्वमग्न मुलांसाठी कुत्रे तयार करते. माँट्रियलच्या संशोधकांनी ४२ स्वमग्न मुलांची लाळ तपासून एक अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सकाळी जाग आल्यावर शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक वाढतं. घरात कुत्रा येण्यापूर्वी मुलांमध्ये ही वाढ ५८ टक्के होती, कुत्रा आल्यावर १० टक्क्यांवर आली आणि काही काळासाठी कुत्रा काढून घेतल्यावर पुन्हा ४८ टक्के झाली. अभ्यास लहान आहे, त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. पण जे मूल स्वतःच्या तोंडाने सांगू शकत नाही, त्याच्या शरीराने दिलेली ही साक्ष आहे.

आता आमच्या घराचं. आमच्याकडे खारी नावाची लॅब्राडोर कुत्री आहे. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिला शिकवायला घरी येतात. मांडीवर दाब द्यायला ती शिकली आहे आणि मनगट बाजूला सारायलाही. 'सिट', 'डाऊन', 'स्टे' हे तिला इंग्रजीत कळतं, 'पुरे' मात्र मराठीत, कारण तो हुकूम माझ्या मुलाने दिला. तरीही मी तिला सर्व्हिस डॉग म्हणत नाही. तिची परीक्षा कुणी घेतलेली नाही. घ्यायची म्हटलं तर राज्यात घेणारं कुणी नाही.

मुलाच्या दाताचं काम करायला आम्ही एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेलो होतो. तिथे प्रतीक्षागृहात खारी दोन तास बाकाखाली पडून राहिली असती, याची मला खात्री होती. वॉचमनला नव्हती. त्याने दारातच थांबवलं आणि माझा नवरा कुत्रीला घेऊन पार्किंगमध्ये बसला. आत ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि पुढे जे व्हायचं ते झालं; दात तसाच ठेवून घरी आलो. मला त्या वॉचमनचा राग नाही. उद्या कुणीही गळ्यात पट्टा बांधलेला कुत्रा आणून 'हा मदतीचा आहे' म्हणालं, तर त्याने कशावरून ओळखायचं? त्याला ओळखण्याची खूण देणं हे तुमच्या विभागाचं काम आहे.

खूण नसली की तिची जागा बाजार घेतो. ऑनलाइन 'सर्व्हिस डॉग' असं लिहिलेलं लाल जाकीट मिळतं, लॅमिनेट केलेलं ओळखपत्र मिळतं, त्यावर सोनेरी शिक्काही असतो. त्यासाठी कुत्र्याला एकही गोष्ट यावी लागत नाही. अमेरिकेत हा अनुभव आधी येऊन गेला आहे. तिथल्या अपंग हक्क कायद्याच्या २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी सर्व्हिस डॉगला दुकान, दवाखाना, शाळा, हॉटेल सगळीकडे जाण्याचा हक्क स्पष्टपणे दिला. दारातल्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागतो का, आणि तो कोणतं काम शिकला आहे? कागद मागता येत नाही. दिव्यांग माणसाला जागोजागी कागद काढून दाखवावा लागू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण विमानप्रवासाच्या वेगळ्या नियमांत 'भावनिक आधाराचे प्राणी' नावाची फट राहिली आणि तिच्यातून काय काय आत आलं! २०१८च्या जानेवारीत न्यूअर्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन विमानात बसायला आली. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये नवे नियम काढून आधाराचे प्राणी वगळावे लागले आणि ११ जानेवारी २०२१ पासून विमानात फक्त शिकवलेल्या कुत्र्याला सर्व्हिस अॅनिमलचा दर्जा उरला. मधल्या काळात खऱ्या कुत्र्यांना घेऊन हिंडणाऱ्या माणसांनी लोकांच्या संशयी नजरा सोसल्या. आपल्याकडे अजून काहीच सुरू झालेलं नाही, म्हणजे ही चूक टाळण्याची संधी अजून हातात आहे.

दुसऱ्या टोकाची चूक जपानने केली. तिथे २००२ साली मदतनीस कुत्र्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पण तो फक्त शारीरिक दिव्यांगांपुरता. अंध, कर्णबधिर, हालचालीची अडचण असलेले लोक त्यात आले, स्वमग्न मुलं बाहेर राहिली. व्याख्या सैल असली की मोर येतो आणि आवळली की आमची मुलं बाहेर पडतात.

मग आपल्या कायद्यात आज काय आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता त्यांत आहे. म्हणूनच माझ्या मुलाकडे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आहे. सर्व्हिस डॉग हा शब्द मात्र त्या कायद्यात नाही. तरी दार बंद आहे असं मी म्हणणार नाही. त्याच कायद्याचं कलम २ 'वाजवी सोयी'ची व्याख्या करतं : दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेले आवश्यक ते बदल. कलम ३ ही सोय मिळेल असं पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. कलम १०१ राज्याला नियम करण्याचा अधिकार देतं. भारताने २००७ साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार उपकरणांच्या जोडीने सजीव साहाय्याचाही उल्लेख करतो आणि ते परवडेल अशा किमतीत मिळावं असं म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार खटल्यात वाजवी सोय ही मेहरबानी नसून समानतेचा भाग आहे हे निःसंदिग्धपणे सांगितलं. पायवा पक्का आहे, त्यावर अजून वीटच चढलेली नाही.

वीट नाही म्हणून प्रत्येक दार आपापला नियम करतं. नागरी विमान वाहतुकीच्या नियमावलीत दिव्यांग प्रवाशाच्या कुत्र्याचा उल्लेख तरी आहे. रेल्वेत आम्हाला एसी फर्स्टचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. म्हणजे ज्या कुत्र्याने मुलाच्या पायाशी बसायचं तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला. हाउसिंग सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली कळवलेलं आहे. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्या पत्राच्या शेजारीच 'कुत्र्यांनी जिना वापरावा' अशी सूचना लावलेली आहे.

यात आता एक नवी गोष्ट आली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, एसटी आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचे आदेश दिले. कुत्रा चावलेल्या मुलांच्या आईबापांची बाजू मला समजते आणि त्या आदेशाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातली स्थळं बघा. आमच्या मुलांना कुत्र्याची गरज लागते ती नेमकी शाळेत, रुग्णालयात आणि स्थानकावर. गेटवरच्या माणसाला 'कुत्रा आत येऊ द्यायचा नाही' एवढंच सांगितलं जाईल. भटका कोणता आणि कामावरचा कोणता, हे त्याला कुणी सांगणार नाही. ते सांगणारं परिपत्रक तुमच्या विभागातून निघालं नाही, तर ही दारं आम्हाला कायमची बंद होतील.

म्हणून त्या तीन प्रश्नांवरच्या मागण्या, आणि त्यांच्या जोडीला आणखी दोन, नेमक्या मांडते.

एक, व्याख्या. 'दिव्यांगत्वाशी थेट संबंधित असं किमान एक काम शिकलेला, सार्वजनिक ठिकाणी वागण्याची चाचणी उत्तीर्ण झालेला कुत्रा' एवढी साधी व्याख्या चालेल. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार यांचा तिच्यात नावानिशी उल्लेख असावा. भावनिक आधार हे काम धरू नये. जातीची अट नको. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर स्वभावाने सोयीचे पडतात हे खरं, पण विदर्भातल्या मे महिन्यात लॅब्राडोरपेक्षा एखादा शांत गावठी कुत्रा जास्त टिकेल. परीक्षा स्वभावाची घ्या, वंशावळीची नको.

दोन, चाचणी. मदतनीस कुत्रे बाळगणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान सहा महिन्यांत १२० तासांचं प्रशिक्षण आणि त्यातले ३० तास सार्वजनिक ठिकाणी, असा मापदंड ठरवला आहे. तो घ्या आणि त्याला आपल्या रस्त्यांची जोड द्या. पाश्चात्त्य चाचणीत कुत्र्याने जमिनीवर पडलेलं खाणं सोडून पुढे जायचं असतं. आपल्या चाचणीत त्याने मंडईतून, वडापावच्या गाडीसमोरून, मधोमध बसलेल्या गायीला वळसा घालून आणि मागे लागलेल्या भटक्या कुत्र्यांकडे दुर्लक्ष करून जावं. रिक्षात पायाशी गप्प बसावं. सुतळी बॉम्ब फुटला तर दचकावं, पण पळू नये. खासगी प्रशिक्षकाने शिकवलेला, आईबापांनी शिकवलेला किंवा संस्थेने शिकवलेला, कुठलाही कुत्रा परीक्षेला बसू शकावा.

परीक्षा घेणारी माणसं या राज्यात आहेत. पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तळेगावजवळ सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे आणि ढिगाऱ्याखाली माणूस शोधणारी कुत्री या दलाकडे असतात. पशुवैद्यांसाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. स्फोटकं हुंगणारा कुत्रा आणि मुलाच्या मांडीवर डोकं ठेवणारा कुत्रा यांचं शिक्षण वेगळं, हे मान्य. पण कुत्रा शिकला की नाही हे ओळखणारी नजर एकच असते. तिला एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक विशेष शिक्षक यांची जोड दिली की मंडळ तयार होतं.

तीन, प्रवेश. चाचणी उत्तीर्ण कुत्र्याला यूडीआयडीशी जोडलेलं, क्यूआर कोड असलेलं शासकीय ओळखपत्र द्या. शाळा, सरकारी आणि खासगी रुग्णालयं, एसटी, शासकीय कार्यालयं आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांना त्याबद्दल परिपत्रक काढा. एसटी दिव्यांगाच्या सोबत्याला तिकिटात सवलत देते, म्हणजे सोबत लागते हे तत्त्व शासनाने कधीच मान्य केलेलं आहे. शस्त्रक्रिया कक्ष, अतिदक्षता विभाग, स्वयंपाकघर अशी ठिकाणं वगळा, आमची हरकत नाही. आणि कुत्रा भुंकला, अंगावर गेला, घाण केली तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकारही लिहून ठेवा. हक्काबरोबर शिस्तही आलीच.

शाळांचं प्रकरण आधीच लेखी असावं. अमेरिकेत मिशिगनमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीच्या 'वंडर' नावाच्या कुत्र्याला शाळेने २००९ साली नकार दिला. तिच्या मदतीला माणूस आहे, कुत्रा कशाला, हा युक्तिवाद होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तिच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल लागला तो २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, आणि तोही दावा कोणत्या मार्गाने चालवायचा एवढ्याच मुद्द्यावर. तोवर ती प्राथमिक शाळेतून केव्हाच बाहेर पडली होती. वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनीसाकडे बोट दाखवून 'शॅडो टीचर आहे ना' हे वाक्य इथेही ऐकू येणार आहे. कुत्र्याला शाळेत कोण सांभाळणार हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शाळा, पालक आणि शॅडो टीचर यांनी प्रवेशाच्या वेळीच लिहून ठेवावं.

चार, कुत्र्याचं भलं. हा मुद्दा आईबापांना अवघड वाटतो, पण तोही मांडायला हवा. कमरेच्या दोरीचा झटका कुत्र्याच्या मानेवर येता कामा नये, म्हणून हार्नेस सक्तीचा असावा. मूल कुत्र्याला मारतं, ओढतं असं दिसलं तर काम थांबवण्याची तरतूद हवी. कुत्र्याची जबाबदारी कायम मोठ्या माणसाची असावी, मुलाची नव्हे. वर्षाला रेबीजचं इंजेक्शन, आरोग्य तपासणी, महापालिकेचा परवाना आणि ठरावीक वयानंतर निवृत्ती, हे सगळं ओळखपत्राच्या नूतनीकरणाशी बांधा.

पाच, आम्हाला फसवणाऱ्यांवर अंकुश. चाचणीविना 'सर्टिफाइड सर्व्हिस डॉग' म्हणून पिल्लू विकणं हा गुन्हा ठरावा. पिल्लू कधीच सर्व्हिस डॉग नसतं. शिकून तयार व्हायला त्याला दीड-दोन वर्षं लागतात आणि पुष्कळ कुत्री मध्येच गळतात. अमेरिकेत एक तयार कुत्रा उभा करायला वीस-तीस हजार डॉलर आणि कधी त्याहूनही जास्त खर्च येतो. तिथल्या काही संस्था देणग्यांवर तो फुकट देतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षांच्या रांगा असतात. हा आकडा ऐकलेल्या हताश आईबापांना आपल्याकडे कुणी चार-पाच लाखांत 'तयार' कुत्रा देऊ केला, तर ते दागिने मोडून घेतील. आमच्या पालकांच्या गटात अशा चौकशा रोज होतात.

हे सगळं एका राज्याच्या आवाक्यात आहे का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया या प्रांताने २०१५ साली स्वतःचा कायदा केला आणि तो जानेवारी २०१६ पासून लागू झाला. मान्यताप्राप्त संस्थेतून आलेल्या कुत्र्याला थेट आणि घरी शिकवलेल्याला परीक्षा घेऊन प्रांत सरकार प्रमाणपत्र देतं. शिकत असलेल्या आणि निवृत्त कुत्र्यांचीही त्यात सोय आहे. रेल्वे आणि विमान केंद्राकडे आहेत, त्यांना तुम्ही पत्र लिहा. बाकी शाळा, रुग्णालयं, एसटी, पोलीस, सहकार हे सगळे विभाग तुमच्याच मंत्रिमंडळात बसतात.

लोकांची भीती मी बाजूला सारत नाही. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या देशात कुत्रा म्हणजे पूर्वी पोटातली आणि आता दंडातली इंजेक्शनं, तिथे लिफ्टमध्ये शेजारी कुत्रा दिसल्यावर माणूस मागे सरणारच. काहींना अॅलर्जी असते, काहींच्या घरात कुत्रा चालत नाही. आणि काही स्वमग्न मुलंच कुत्र्याच्या भुंकण्याने बिथरतात. त्यांच्यासाठी हा उपाय नाही. जिथे घरात कुत्रा सांभाळायला माणूस नाही, जागा नाही, पैसा नाही, तिथेही नाही. कुत्रा ऑक्युपेशनल थेरपीची जागा घेत नाही, विशेष शिक्षकाची घेत नाही आणि स्वमग्नता 'बरी' करत नाही. दहातल्या एखाद्या घरालाच तो लागेल. पण त्या एका घरातलं मूल त्याच्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे जाऊ शकेल, एसटीने आजोळी जाऊ शकेल आणि रस्त्याच्या कडेला थांबू शकेल. आणि लोकांची भीती कमी करायचा खात्रीचा मार्गही हाच आहे : ज्या कुत्र्याला दारातून आत घ्यायचं, तो तपासलेला आहे, टोचलेला आहे आणि सरकारी यादीत आहे, हे त्यांना समोर दिसणं.

महोदय, पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही दिव्यांग कल्याण आयुक्तालय, गृह, शिक्षण, आरोग्य, परिवहन आणि सहकार या विभागांची एक बैठक घ्या. पालकांनाही बोलवा, पण जाहीर सत्काराला नको, मसुदा वाचायला बोलवा. पहिल्या वर्षी पुणे, मुंबई आणि नागपूर इथे मिळून थोड्याच कुत्र्यांची चाचणी घ्या आणि काय चुकतं ते पाहून नियम सुधारा. तिजोरीवर यातून फारसा भार पडणार नाही. कुत्रा आम्ही आणू, वाढवू, शिकवू, त्याचा खर्च सोसू आणि परीक्षेला रांगेत उभे राहू. परीक्षा घेणारं कुणीतरी तेवढं तुम्ही नेमा.

कळावे,
आपली,
एका स्वमग्न मुलाची आई
पुणे